वाचक विचारतात : घरचं सांगायचं की झाकायचं?

गेल्या अंकात आम्ही अल्पवयीन मुलं, त्यांचं घर आणि पोलीस ठाणं या विषयावर प्रश्न मागवले होते. रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंतची पत्रं आली. त्यातली सात इथे घेतली आहेत. नावं, वाड्या आणि मुलाची ओळख पटेल असा सगळा तपशील काढून टाकला आहे. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे ते बंधनकारक आहेच, आणि मुलासाठी गरजेचंही आहे. उत्तरं बाल न्याय मंडळापुढे (अल्पवयीन मुलांवरच्या केस इथे चालतात) काम करणाऱ्या वकिलांनी आणि समुपदेशकांनी मिळून दिली आहेत.

माझा मुलगा सोळा वर्षांचा. जेटीवरचं एक दुकान रात्री कुलूप तोडून फोडलं, त्यात तो होता. सोबत एक एकोणीस वर्षांचा. मुलगा सध्या निरीक्षणगृहात, म्हणजे रिमांड होममध्ये आहे, पुढच्या आठवड्यात जामिनाचा अर्ज आहे. त्याआधी परिवीक्षा (प्रोबेशन) अधिकारी घरी चौकशीला येणार आहेत. नवरा पितो आणि मुलाला मारतो. सासरची माणसं म्हणतात, घरातलं काही बोलू नकोस, नाहीतर पोराला रिमांड होममधून सोडणार नाहीत. काय करू?
— एक आई, रत्नागिरी तालुका

ताई, सांगा. सगळं सांगा, पण तयारीनिशी सांगा.

सासरच्यांची भीती अगदीच निराधार नाही, म्हणून आधी तिच्याकडे बघू. कलम १२ प्रमाणे मुलाला जामीन मिळणं हाच नियम आहे, मग गुन्हा जामीनपात्र असो वा अजामीनपात्र. नाकारायचा तर तीनच कारणं चालतात: सुटल्यावर तो सराईत गुन्हेगारांच्या संगतीत जाईल, त्याला नैतिक, शारीरिक किंवा मानसिक धोका होईल, किंवा न्यायाच्या कामालाच बाध येईल. कारण मंडळाला लेखी द्यावं लागतं. तुमचं घर यातल्या दुसऱ्या कारणात बसू शकतं. मंडळाला घरातली मारहाण दिसली आणि मुलाची दुसरी सोय दिसली नाही, तर जामीन अडतो.

बहुतेक घरं नेमकी इथे चुकतात. मारहाण लपवतात आणि दुसरी सोयही सुचवत नाहीत. अधिकारी फक्त आईशी बोलून जात नाहीत. शेजारी, शाळा, पोलीस पाटील, सगळीकडे विचारतात. चौघांनी एक सांगितलं आणि आईने दुसरं, की अहवालात 'कुटुंब माहिती लपवत आहे' असं वाक्य येतं. त्यानंतर आई खरं बोलली तरी त्या शब्दाला वजन राहत नाही.

म्हणून मारहाणीबरोबरच सोयही मांडा. मुलाला आई-वडिलांकडेच द्यावं असं कायदा म्हणत नाही. 'योग्य व्यक्ती'च्या ताब्यात, परिवीक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली देता येतं. मामा, आत्या, आजोबा, कोणीही, पण ती व्यक्ती मंडळापुढे स्वतः उभी राहिली पाहिजे, चिठ्ठी पाठवून भागत नाही. सोबत रेशन कार्ड आणि पत्त्याचा पुरावा लागेल. तीन प्रश्नांची उत्तरं तयार हवीत: मुलगा झोपणार कुठे, रात्री घरात मोठं माणूस कोण, आणि शाळा किंवा आयटीआय किती लांब. मामाची परिस्थिती बेताची असेल तर जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात बाल संगोपन योजनेसाठी मूल पात्र ठरतं का ते विचारा. तिची मदत दरमहा २,२५० रुपये आहे.

आता अहवालाकडे येऊ. कायद्यात याला सामाजिक तपासणी अहवाल म्हणतात आणि तो दोन आठवड्यांत मंडळाकडे जायचा असतो. त्यात घरातली माणसं, त्यांचे आपसातले संबंध, मिळकत, शाळा, मित्र, व्यसन, कुणी मुलाला वापरून घेतलं का, असं सगळं येतं. मुलाने काय केलं हे पोलिसांच्या कागदांवरून ठरतं. त्याचं पुढे काय करायचं, हे बऱ्याच अंशी या अहवालावरून ठरतं. म्हणून तिथे विशेषणं नकोत, प्रसंग हवेत. 'नवरा वाईट आहे' एवढ्याने काही हाती लागत नाही. 'मे महिन्यात पट्ट्याने मारलं, कपाळाला तीन टाके पडले, हा ग्रामीण रुग्णालयाचा केसपेपर', असं सांगितलं की लागतं. त्यानंतर मुलगा रात्री घरी यायचा थांबला का? जेटीवर झोपायला लागला का? तो एकोणीस वर्षांचा तिथेच भेटला का? मार आणि गुन्हा यांच्यामधली ही कडी अधिकाऱ्यांना आपणहून दिसत नाही, ती तुम्हीच दाखवायची आहे. मात्र 'बापाने मारलं म्हणून चोरी केली, त्याचा दोष नाही' असं म्हणू नका. ते खरंही नाही, आणि मुलाच्या कानावर पडलं तर त्याचं नुकसान करतं.

गोळा करायचे कागद असे: शाळेचा बोनाफाईड आणि हजेरी (गैरहजेरी कोणत्या महिन्यापासून वाढली ते त्यात दिसतं), वर्गशिक्षकांचं पत्र, दवाखान्याचे कागद, तुम्ही नवऱ्याविरुद्ध कधी अदखलपात्र तक्रार दिली असेल तर तिची नक्कल. मुलगा झोपेत दचकून उठत असेल, अंथरूण ओलं होत असेल, तर लाज वाटू देऊ नका. रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात त्याची तपासणी व्हावी अशी विनंती अर्जातच करा.

गुन्ह्याचं म्हणाल तर, कुलूप तोडून रात्री चोरी करण्याला भारतीय न्याय संहितेत १४ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. हा आकडा ऐकून धीर सोडू नका. त्या कलमाला किमान शिक्षा ठरवलेली नाही, म्हणून बाल न्याय कायद्यात हा 'गंभीर' वर्गातला गुन्हा होतो, 'निर्घृण' वर्गातला नाही. मुलाला प्रौढ धरून खटला चालवायचा विचार फक्त निर्घृण गुन्ह्यात आणि १६ वर्षं पूर्ण झालेल्या मुलाबाबत होतो. तुमच्या मुलाची चौकशी त्या एकोणीस वर्षांच्याबरोबर एकत्र चालवता येत नाही. मंडळाकडे समज देण्यापासून समुपदेशन, समाजसेवा, चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडणं असे मार्ग आहेत. सगळ्यात कडक म्हणजे विशेष गृह, तेही जास्तीत जास्त ३ वर्षं.

जामीन नाकारला तर ३० दिवसांत मंडळाच्या वरच्या बाल न्यायालयात अपील करता येतं. त्यापुढे उच्च न्यायालय. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाचं काम १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे आहे, मुंबई गाठायची गरज नाही. वकिलाचे पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्री आणि मूल या दोघांनाही उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. क्रमांक १५१००.

आणि ताई, मार फक्त मुलालाच बसत नसेल. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्यांकडे तुम्हाला स्वतःसाठीही अर्ज देता येतो.

आमच्या शाळेतली नववी-दहावीची काही मुलं दुचाकीवरून गोवा बनावटीची दारू पोचवतात, एका फेरीचे पैसे मिळतात. तक्रार केली तर मुलांवर गुन्हेगाराचा शिक्का बसेल, नाही केली तर ती आणखी आत जातील.
— एक शिक्षक, सावंतवाडी तालुका

सर, कायदा इथे आधी त्या मुलांकडून काम करून घेणाऱ्याला धरतो. दारूची विक्री, वाहतूक किंवा तस्करी यासाठी मुलाला वापरलं तर बाल न्याय कायद्याच्या कलम ७८ प्रमाणे ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. बेकायदा कामासाठी मुलाला वापरणाऱ्या प्रौढाला कलम ८३ प्रमाणे ७ वर्षांपर्यंत शिक्षा आणि पाच लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. तेव्हा तक्रारीचा मथळा 'विद्यार्थी दारू नेतात' असा नको. 'अमुक इसम अल्पवयीन मुलांकडून दारूची वाहतूक करून घेतो' असा हवा. मथळा चुकला की तपासही त्याच दिशेने जातो आणि माल देणारा सुटतो.

मुलांना मुख्याध्यापकांच्या खोलीत उभं करून कबुलीजबाब लिहून घेऊ नका. शाळांमध्ये हे सर्रास घडतं आणि फार नुकसान करतं. मुलगा खोटं तरी लिहितो, नाहीतर संध्याकाळपर्यंत ती बातमी माल देणाऱ्यापर्यंत पोचते. एका मुलाशी, ज्याच्याशी तुमचं जमतं त्याच्याशी, एकट्याने बोला. तो जे म्हणाला ते त्याच्याच शब्दांत, तारीख घालून वहीत लिहा. मग मुलांसाठीच्या १०९८ या हेल्पलाइनवर फोन करा आणि बाल कल्याण समितीला लेखी कळवा. राज्य उत्पादन शुल्क विभागाला द्यायच्या पत्रात मुलांची नावं घालू नका, गाडीचा क्रमांक आणि वेळ पुरेशी आहे.

पालकसभेत एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगा. अल्पवयीन मुलाच्या हातून गाडीवर गुन्हा घडला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९अ प्रमाणे पालक किंवा गाडीमालक जबाबदार धरला जातो. ३ वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. ज्या बापाला बाकी काही पटत नाही, त्याला हे पटतं.

या मुलांत घरून नीट असलेलीही असतील. पैशाची आणि मोठ्यांत गणलं जाण्याची ओढ पुष्कळ असते. 'हा वाया गेला' हे वाक्य स्टाफरूममध्येही नको. मुलाला त्याचं नाव कळतं आणि तो त्या नावाला जागतो.

माझा भाचा वीस वर्षांचा आहे, म्हणजे बाल न्याय कायदा नाही. चोरीच्या केसमध्ये आहे. लहानपणी आई वारली, वडिलांनी टाकलं. हे कोर्ट ऐकेल का?
— एक मावशी, चिपळूण

ऐकेल, आणि ऐकायलाच हवं. १९५८ च्या गुन्हेगार परिवीक्षा कायद्याचं कलम ६ बघा. २१ वर्षांखालील व्यक्ती दोषी ठरली आणि गुन्ह्याला जन्मठेप नसेल, तर परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवल्याशिवाय न्यायालयाने तिला तुरुंगात पाठवायचं नाही, आणि पाठवलंच तर कारण लेखी द्यायचं. हे आपोआप होतं असं समजू नका, वकिलाने अर्ज द्यावा लागतो. वय गुन्ह्याच्या दिवसाचं धरत नाहीत, खालच्या न्यायालयात दोषी ठरतो त्या वेळचं धरतात. तारखा लांबत गेल्या आणि मुलगा एकविसाचा झाला, तर हा हक्क हातचा जातो. मग चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडण्याचं कलम ४ उरतं, पण ते न्यायालयाच्या मर्जीवर. तेव्हा या केसमध्ये तुमच्या बाजूने पुढची तारीख मागू नका.

वीटभट्टीवरच्या एका कातकरी मुलाला चोरीच्या संशयावरून नेलं. कागदावर वय १९ घातलं आहे. आई सांगते सोळा-सतरा. जन्मदाखला नाही. भट्टीवरचे लोक म्हणतात, 'यांचं हेच काम'.
— एक कार्यकर्ती, रायगड जिल्हा

पहिल्यांदा हजर करतील त्याच दिवशी अर्ज द्या: 'वयाबाबत वाद आहे, निर्णय होईपर्यंत मुलाला तुरुंगात न ठेवता सुरक्षित ठिकाणी ठेवावं.' बाल न्याय कायद्याच्या कलम ९ मध्ये ही तरतूद आहे. त्याच कलमाप्रमाणे अल्पवयाचा मुद्दा कोणत्याही न्यायालयात, कोणत्याही टप्प्यावर, निकाल लागून गेल्यावरही काढता येतो. पण उशीर झाला तर तेवढे दिवस मुलगा मोठ्या कैद्यांत काढतो.

पुराव्याचा क्रम कलम ९४ मध्ये दिला आहे. आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र. ते नसेल तर ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेचा जन्मदाखला. दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी, आणि ती आदेशापासून १५ दिवसांत. पोलीस बरेचदा सरळ तिसऱ्या पायरीवर जातात. त्याला हरकत घ्या, कारण हाडांवरून निघणारं वय एक-दोन वर्षं इकडेतिकडे असू शकतं आणि सतराचा मुलगा एकोणीसचा दिसू शकतो. आधार कार्डावर विसंबू नका. ते जन्मतारखेचा पुरावा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये सांगितलं आहे.

कातकरी कुटुंब दिवाळीनंतर उचल घेऊन भट्टीवर जातं आणि पावसाच्या तोंडावर परततं. त्यामुळे मूल दोन-तीन शाळांच्या पटावर असतं, किंवा पहिलीतच नाव घालून पुढे गळालेलं असतं. पहिल्या शाळेचं जनरल रजिस्टर शोधा. आश्रमशाळा असेल तर तिथेही. तारीख १ जून असेल तर ती गुरुजींनी अंदाजे घातली असं समोरचे म्हणतील. म्हणून मुख्याध्यापकांना मूळ रजिस्टर घेऊन बोलवा. जोडीला अंगणवाडीची नोंद, लसीकरणाचं कार्ड आणि पाठच्या-पुढच्या भावंडांचे दाखले द्या. घटनेनंतर नवा जन्मदाखला काढायची घाई करू नका. उशिरा झालेली नोंद संशयाने बघितली जाते आणि बाकीचा खरा पुरावाही त्यात अडकतो.

'यांचं हेच काम' या वाक्यामागे मोठा इतिहास आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. १९५२ मध्ये तो कायदा गेला, पण ती नजर गेली नाही. ३ ऑक्टोबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगातल्या नोंदवह्यांमधला जातीचा रकाना काढायला सांगितलं आणि विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये असं पोलिसांना बजावलं. तेव्हा कागदांची नक्कल घेऊन वाचा. जमात हेच संशयाचं कारण म्हणून कुठे लिहिलं असेल, तर त्या ओळीवर बोट ठेवून लेखी हरकत द्या. एका जमातीत जन्मणं हा पुरावा नाही.

भावावर सोळाव्या वर्षी मारामारीची केस झाली होती. मंडळाने हमीवर सोडलं, मुदत नीट पार पडली. आता तो बावीसचा आहे, जहाजावर जायचंय. पोलीस पडताळणीत जुनी केस निघेल का?
— गुहागर तालुका

निघू नये. बाल न्याय कायद्याच्या कलम २४ प्रमाणे मंडळाच्या निर्णयामुळे कुठलीही अपात्रता चिकटत नाही आणि अपिलाची मुदत संपल्यावर नोंदी नष्ट करायच्या असतात. अपवाद एकच, सोळा वर्षांवरचा मुलगा बाल न्यायालयात प्रौढ धरून दोषी ठरला असेल तो. कलम ७४(२) प्रमाणे निकाली निघालेल्या प्रकरणातली नोंद पोलिसांनी चारित्र्य दाखल्यासाठी उघड करायची नाही. केंद्रीय सशस्त्र दलाच्या भरतीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये हेच सांगितलं: अल्पवयातल्या गुन्ह्याचा डाग पुढे नोकरीत लावता येत नाही.

अडचण येते ती ठाण्यातल्या संगणकात. केस निकाली निघाल्याची नोंद बरेचदा तिथे पोचलेलीच नसते. म्हणून पडताळणीचा अर्ज करण्याआधी मंडळाकडून अंतिम आदेशाची प्रमाणित प्रत घ्या आणि ती जोडून, कलम २४ आणि ७४(२) चा उल्लेख करून, पोलीस अधीक्षकांना अर्ज द्या. पोच घ्या. फॉर्मवर 'दोषी ठरला होता का' विचारलंय की 'कधी अटक झाली होती का', हे शब्द नीट वाचा आणि सहीआधी वकिलाला दाखवा. भरतीत जास्त मुलं जुन्या केसपेक्षा चुकीच्या उत्तरामुळे अडकतात.

मुलाच्या केसमुळे गावकीने आम्हाला वाळीत टाकलं आहे. पालखी आमच्या घरी आणत नाहीत, दुकानात सामान देत नाहीत.
— श्रीवर्धन तालुका

हा स्वतंत्र गुन्हा आहे. महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कार प्रतिबंध कायदा २०१६ चा, जुलै २०१७ पासून लागू. शिक्षा ३ वर्षांपर्यंत किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. बैठक कधी झाली, कोण होतं, दंड मागितला का, कोणत्या दुकानदाराने कोणत्या दिवशी नकार दिला, हे लिहून ठेवा, मोबाइलवरचे निरोप जपा आणि तक्रार द्या. परिवीक्षा अधिकाऱ्यांनाही हे कळवा. वाळीत पडलेल्या घरातला मुलगा सुधारेल कुणाच्या आधारावर, हा प्रश्न मंडळापुढेही आला पाहिजे.

आम्ही मुंबईत, गावचं घर बंद असतं. शिमग्याला आलो तर घर फोडलेलं. दोन पोरं सापडली. सगळे म्हणतात त्यांच्या घरची परिस्थिती बघा. आमचंही बालपण हालात गेलं, आम्ही चोऱ्या केल्या नाहीत. मग आमचं काय?
— एक चाकरमानी

तुमचा राग रास्त आहे आणि तुमचं निरीक्षणही बरोबर आहे. हालात वाढलेली बहुतेक मुलं गुन्हा करत नाहीत. अमेरिकेत कॅथी विडम यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात छळ किंवा आबाळ झालेली ९०८ मुलं आणि तशी नसलेली ६६७ मुलं तुलनेला घेतली होती. पहिल्या गटातल्या साधारण २६ टक्के मुलांना अल्पवयात अटक झाली, दुसऱ्यातल्या १७ टक्क्यांना. म्हणजे धोका नक्की वाढतो, तरीही छळ सोसलेल्यांतली चौघांतली तिघं त्या वाटेला गेली नाहीत. हवाई बेटांपैकी काउआई इथे १९५५ मध्ये जन्मलेल्या मुलांचा एमी वर्नर यांनी दीर्घकाळ मागोवा घेतला. अतिशय बिकट परिस्थितीतल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश चांगली सावरली, आणि त्यांच्या आयुष्यात घरातलं किंवा बाहेरचं एखादं पक्कं, मायेचं माणूस होतं असं दिसलं. तुमच्या बालपणात ते माणूस कोण होतं, हे तुम्हाला ठाऊक असेल. त्या दोन पोरांना होतं का, एवढंच परिवीक्षा अधिकारी शोधतात. त्याने गुन्हा पुसला जात नाही. फाशीच्या खटल्यातसुद्धा आरोपीचं बालपण, घरातली हिंसा आणि आबाळ यांची माहिती मागवा, असं सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये मनोज विरुद्ध मध्य प्रदेश या निकालात सांगितलं, ते शिक्षा किती आणि कोणती हे ठरवण्यासाठी. दोषी आहे की नाही, याचा निर्णय त्याआधीच झालेला असतो.

तुमच्या हाती काय आहे ते बघा. झालेलं नुकसान आणि घरातल्या म्हाताऱ्यांना बसलेली धास्ती मंडळाला लेखी कळवा. मंडळ पालकांना दंड भरायला लावू शकतं आणि मुलाला समाजसेवा देऊ शकतं. सापडलेल्या वस्तू परत मिळण्यासाठी मुद्देमालाचा अर्ज करा, केस संपेपर्यंत थांबायची गरज नाही. जुन्या हंड्या-घंगाळांची बिलं कुणाकडेच नसतात, पण भांड्यावर आजीचं किंवा घराण्याचं नाव कोरलेलं असतं. पंचनाम्यात ते नाव जसंच्या तसं उतरलंय का बघा, लग्नाकार्याच्या फोटोत भांडी दिसत असतील तर तेही जोडा. पंपाच्या मोटारीवरचा क्रमांक गॅरंटी कार्डाशी जुळवा. वस्तू हमीपत्रावर मिळतात, बोलावलं की हजर कराव्या लागतात. तोवर त्या विकू नका आणि घासूनपुसून नाव-खुणा घालवू नका.